कोर्स मोफत, पण फोन कुणाचा?

मैत्रिणींनो, मावश्यांनो, आणि भाकरी थापता थापता कान इकडे ठेवलेल्या सगळ्या जणींनो. आम्ही पेडगावच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. पेडगाव म्हटलं की बाहेरगावचे पाहुणे गालात हसतात, 'वेड पांघरून पेडगावला जाणं' ही म्हण त्यांना आठवते. म्हणीतलं ते पेडगाव अहिल्यानगर जिल्ह्यातलं, श्रीगोंदा तालुक्यात भीमेच्या काठी. आमचं परभणी जिल्ह्यातलं. आम्ही काही पांघरून बोलत नाही, आहे तसं सांगतो.

आजचा विषय आहे घरबसल्या मोफत शिक्षण. तुमच्याही मोबाईलवर मेसेज येत असतील, 'फ्री कोर्स', 'घरबसल्या सर्टिफिकेट', 'आजच नाव नोंदवा'. गटाच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा पहिला प्रश्न आला, हे खरं असतं का? दुसरा आला, खरं असेल तर आपल्या उपयोगाचं आहे का? पहिल्याचं उत्तर सोपं आहे, पुष्कळ खरं असतं. दुसऱ्याच्या मागे लागलो तर दोन-तीन महिने गेले. त्यातून जे हाती लागलं ते आज सांगतो.

घरी बसून शिकणं काही मोबाईलने आणलेलं नाही. इंग्लंडमध्ये १९६९ साली मुक्त विद्यापीठ निघालं. कारखान्यात काम करणारे, घर सांभाळणाऱ्या बाया रेडिओ आणि टीव्हीवर पाठ ऐकून, टपालाने आलेली पुस्तकं वाचून पदवीधर झाल्या. आपल्या देशात पहिलं मुक्त विद्यापीठ १९८२ साली हैदराबादेत निघालं. दिल्लीचं इग्नू १९८५ चं. आणि आपल्या महाराष्ट्रात १ जुलै १९८९ ला नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्या विद्यापीठाचं ब्रीद. आपला परभणी जिल्हा त्यांच्या नांदेड विभागीय केंद्राखाली येतो.

या विद्यापीठाने एक मोठं काम केलं. ज्यांची शाळा अर्धवट सुटली त्यांच्यासाठी 'पूर्वतयारी' नावाचा अभ्यासक्रम काढला. वय १८ पूर्ण असावं, लिहिता-वाचता यावं, मग पूर्वतयारीची परीक्षा देऊन थेट पदवीला बसता येईल, अशी ती वाट. त्या वाटेने किती तरी बाया, पोलीस, एसटीचे कंडक्टर, शेतकरी पदवीधर झाले. पुस्तकं मराठीत, सोपी, स्वतः वाचून समजावीत अशी लिहिलेली. भाजीपाला उत्पादन, फळबाग असले शेतीचे अभ्यासक्रमही त्यांनी मराठीत आणले. हे फुकट नव्हतं, फी होती आणि आहे. पण 'मुक्त' या शब्दाचा तिथला अर्थ फी माफ असा नव्हताच. वयाची अट नाही, रोज वर्गात बसायची अट नाही, काम सोडायची अट नाही, असा होता. आमच्या मते हाच अर्थ जास्त कामाचा आहे.

मग आलं इंटरनेट. अमेरिकेतल्या एमआयटी या नामांकित संस्थेने २००१ साली जाहीर केलं की आम्ही आमच्या अभ्यासक्रमाचं साहित्य जगाला खुलं करणार. त्याला दहा वर्षं झाली आणि २०११ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाचा कृत्रिम बुद्धिमत्तेवरचा एक कोर्स सबॅस्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग या दोघांनी सगळ्यांसाठी मोफत ठेवला. नाव नोंदवलं जवळजवळ १ लाख ६० हजार लोकांनी. एका वर्गात इतकी माणसं! आपल्या परभणीच्या उरुसालाही बघायला मिळावी अशी गर्दी. पुढच्याच वर्षी असे कोर्स देणाऱ्या मोठमोठ्या कंपन्या आणि संस्था उभ्या राहिल्या, आणि लोक म्हणायला लागले की आता कॉलेजं ओस पडणार.

आपल्याकडेही काम सुरू होतंच. आयआयटींचे पाठ मोफत देणारा एनपीटीईएल हा प्रकल्प २००३ पासूनचा. ९ जुलै २०१७ ला केंद्र सरकारने 'स्वयं' सुरू केलं. शाळेपासून पदव्युत्तरपर्यंतचे कोर्स एका ठिकाणी, शिकायला पैसे नाहीत. त्याच्या जोडीला 'स्वयंप्रभा' नावाच्या टीव्ही वाहिन्या, म्हणजे ज्यांच्याकडे नेट नाही त्यांनी डिशवर बघावं. त्याच वर्षी शिक्षकांसाठी आणि शाळेच्या लेकरांसाठी 'दीक्षा' आलं. तुमच्या लेकराचं बालभारतीचं पुस्तक उघडून बघा, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन छापलेला असतो. दीक्षाच्या ॲपमधून फोनचा कॅमेरा त्याच्यावर धरला की त्या धड्याचं साहित्य मराठीत उघडतं. आमच्या गटातल्या निम्म्या जणींनी तो चौकोन रोज बघितला होता, पण तो शोभेचा असावा असं त्यांना वाटत होतं.

हे सगळं खेड्यापर्यंत पोचलं ते २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आल्यावर. डेटा स्वस्त झाला. नाहीतर एक व्हिडिओ बघायचा म्हणजे रिचार्ज संपायचा.

इतकं सगळं आहे, मोफत आहे, मग आमच्या गावातल्या बाया शिकून पुढे का गेल्या नाहीत? याच प्रश्नापाशी आम्ही थांबलो, आणि बराच वेळ थांबलो.

स्टॅनफर्डच्या त्या कोर्सचं पुढे काय झालं ते ऐका. १ लाख ६० हजारांतले शेवटपर्यंत गेले सुमारे २३ हजार. म्हणजे सातातला एक. दुसऱ्या वर्षी एमआयटीने इलेक्ट्रॉनिक्सचा कोर्स काढला, त्याला जवळपास १ लाख ५५ हजार जणांनी नाव नोंदवलं आणि पास झाले ७ हजारांच्या थोडे वर. शंभरातले पाचसुद्धा नाहीत. हे सगळे बहुतेक शिकलेले, इंग्रजी येणारे, स्वतःचा कॉम्प्युटर असलेले लोक होते. त्यांनाही एकट्याने शिकणं जड गेलं. तेव्हा आपल्यातली एखादी मध्येच थांबली तर ती आळशी होती असं कुणी म्हणू नये. सासूबाईंनी तर अजिबात म्हणू नये.

आता आपल्याकडचं बघा. २०१९ ते २०२१ या काळात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. तिच्यात विचारलं होतं, तुम्ही कधी तरी इंटरनेट वापरलंय का? रोज नाही, आयुष्यात कधी तरी. देशातल्या खेड्यांमधल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायांमधल्या पंचविसेक जणी 'हो' म्हणाल्या. तेवढ्याच पुरुषांमधले एकोणपन्नास. आणि शहर-खेडी मिळून देशात स्वतः वापरायचा फोन असलेल्या बाया शंभरात चौपन्न. कोर्स मोफत असतो, पण फोन कुणाचा असतो? घरात एक चांगला फोन असतो, तो सकाळी मालकांच्या खिशात बाहेर जातो आणि संध्याकाळी आला की लेकरांच्या हातात. आपल्या हातात येतो रात्री दहाला, तेव्हा चार्जिंग पंधरा टक्के आणि डोळे मिटायला आलेले.

लॉकडाऊनमध्ये हे सगळ्यांनाच कळलं. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, ऑनलाइन वर्ग सुरू झाले, आणि तीन लेकरं एक फोन अशी घरोघरी भांडणं लागली. त्या वेळी जुलैपासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका लागायची, पहिली ते आठवीच्या लेकरांसाठी. तिला नेट लागत नव्हतं, साधा टीव्ही पुरायचा. आजही आम्हाला वाटतं की खेड्यातल्या बाईसाठी शिक्षण आणायचं तर टीव्ही, रेडिओ आणि साधा फोन यांना विसरून चालणार नाही. सगळं ॲपवर टाकलं की सगळ्यांना मिळालं, हा समज शहरातल्या लोकांचा आहे.

फोननंतर अडतं ते वेळेपाशी. स्वयंचे बहुतेक कोर्स जानेवारीत आणि जुलैत सुरू होतात. दर आठवड्याला पाठ, दर आठवड्याला गृहपाठ, तारीख उलटली की खिडकी बंद. जुलैत आपण काय करत असतो? खुरपणी. जानेवारीत? कापसाची शेवटची वेचणी, तुरीची काढणी. कोर्स ठरवणाऱ्यांच्या कॅलेंडरात पेरणी नसते, त्यांचा दोष नाही, पण आपल्या कॅलेंडरात ती असते.

आणि भाषा. स्वयंवरचे कोर्स बहुतांश इंग्रजीत, काही हिंदीत. इंग्रजी पाठ मराठीत आणण्याचं काम चालू आहे, पण जे आलंय ते जास्त करून इंजिनिअरिंगसारख्या कॉलेजच्या विषयांचं. बारावी झालेल्या तुमच्या लेकीला ते उपयोगी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये नियम केला की कॉलेजातल्या मुलांना एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयंवरून करता येतील, कॉलेजने मान्य केलं तर. लेक कॉलेजात असेल तर हे तिच्या प्राध्यापकांना जरूर विचारा. पण आठवीत शाळा सुटलेल्या आईला तिथे पहिली पायरीच सापडत नाही. जिना आहे, मजबूत आहे, पण तो दुसऱ्या मजल्यावरून सुरू होतो.

आता आमच्या गटातल्या एका जणीचं सांगतो. नाव सांगत नाही, तिनेच नको म्हटलंय. वय एकतीस. नववीत असताना लग्न झालं. दोन लेकरं. वाचन चांगलं, गटाचं रजिस्टर तीच लिहिते. तिच्या मनात अंगणवाडी सेविका व्हायचं आहे. अंगणवाडीला पूर्वी दहावी चालायची. २०२३ पासून बारावी पास मागतात. बाई त्याच गावची राहणारी हवी, आणि वयाची अट पस्तीस, विधवा असेल तर चाळीस. आता बोटांवर मोजा. या वर्षी तयारी केली तर दहावी होईल बत्तिसाव्या वर्षी. दहावी आणि बारावीच्या मध्ये दोन वर्षांचं अंतर ठेवावंच लागतं. म्हणजे बारावी चौतिसाव्या वर्षी. हातात उरतं एक वर्ष, आणि त्या वर्षात आपल्या गावात जागा निघायला हवी. एकदा नापास झाली तर सगळं गणित मोडतं.

तिने आम्हाला विचारलं, मोबाईलवरचा कोर्स करून हे जमेल का? खरं उत्तर असं की मोबाईलवरच्या कुठल्याही कोर्सचं सर्टिफिकेट बारावीची जागा घेत नाही. शिकणं मोबाईलवरून होईल, पण परीक्षा मात्र मान्यता असलेल्या मंडळाचीच द्यावी लागेल. हा फरक आम्ही मुद्दाम दोनदा सांगतो, कारण इथेच बाया फसतात. शिकणं वेगळं, आणि शिकल्याचा कागद वेगळा.

कागदाच्या वाटा आम्ही शोधल्या. एक तुम्हाला माहीत आहे, सतरा नंबरचा फॉर्म. शाळेत न बसता राज्य मंडळाची दहावी-बारावी बाहेरून द्यायची. फॉर्म आता ऑनलाइन भरतात, जवळची शाळा संपर्क केंद्र म्हणून मिळते, आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. अभ्यास नेहमीच्या मुलांचाच, गणित-इंग्रजीसकट.

दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, जिला एनआयओएस म्हणतात. ही आमच्या मनात जास्त भरली. दहावीचे विषय मराठी माध्यमातून देता येतात. पाच विषय आपण निवडायचे, त्यात गणित घेतलंच पाहिजे असं नाही. गृहविज्ञान आहे, चित्रकला आहे. मुख्य म्हणजे सगळे विषय एका दमात द्यायची सक्ती नाही. एकदा नोंदणी केली की पाच वर्षांत नऊ वेळा परीक्षेची संधी मिळते. या वेळी दोन विषय, पुढच्या वेळी दोन, असं जमतं. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मेमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. ऑक्टोबर म्हणजे सोयाबीनची काढणी, तेव्हा नावच घेऊ नका. एप्रिल-मे बरा. ऊन आहे, लग्नसराई आहे, पण वावरात काम कमी.

तिसरी वाट मघाशी सांगितलेली, मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारी. पण पदवी हाती आली तरी जिथे जाहिरातीत 'बारावी उत्तीर्ण' लिहिलेलं असतं तिथे पूर्वतयारी धरतील की नाही, हे त्या त्या कार्यालयात आधी विचारून, शक्यतो लेखी घेऊनच पुढे जा. शिकायचं म्हणून शिकणाऱ्यांसाठी ती वाट उत्तम आहे. नोकरीसाठी चौकशी आधी.

कागदाची वाट ठरली की मोबाईल खरा कामाला येतो, अभ्यासासाठी. एनआयओएसची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. बालभारतीची सगळी पुस्तकं ई-बालभारतीवर मोफत मिळतात. मराठी विश्वकोश मोफत वाचता येतो. दीक्षावर मराठीतले व्हिडिओ आहेत. आमच्या या मैत्रिणीने सुरुवात पाचवीच्या गणितापासून केली. लेकीचंच पुस्तक, लेकीचाच चौकोन. अपूर्णांक तिला नववीतही कळले नव्हते, ते आता भाकरीच्या चार तुकड्यांवर कळले. लेक बाजूला बसून चुका काढत होती, आणि तिला त्यात फारच मजा येत होती.

आता सोबतीचं सांगतो, कारण आमच्या समजुतीप्रमाणे सगळं तिथेच अडतं किंवा सुटतं. एमआयटीच्या त्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कोर्समध्ये पैकीच्या पैकी गुण मिळवणाऱ्यांत मंगोलियाच्या उलानबातर शहरातला एक पंधरा वर्षांचा मुलगा होता. सगळ्या जगात त्याचं नाव झालं, बघा, इंटरनेटमुळे काय होऊ शकतं म्हणून. पण पूर्ण हकिकत अशी आहे की त्याच्या शाळेचे मुख्याध्यापक स्वतः एमआयटीत शिकून आले होते. त्यांनी पोरांना त्या कोर्सला बसवलं, आणि अमेरिकेहून एका शिकलेल्या तरुणाला बोलावून घेतलं, तो साहित्य घेऊन आला आणि पोरांकडून हाताने प्रयोग करून घेतले. मुलगा हुशार होताच. पण तो एकटा नव्हता.

दुसरं उदाहरण आपल्यासारख्याच बायांचं. तमिळनाडूत थेनी जिल्ह्यात विडियल नावाच्या संस्थेच्या गटांतल्या बाया शेळ्या पाळतात. कॉमनवेल्थ ऑफ लर्निंग या संस्थेच्या मदतीने त्यांना शेळीपालनाचे पाठ साध्या मोबाईलवर मिळाले. व्हिडिओ नाही, ॲप नाही. फोन वाजायचा आणि त्यांच्या भाषेत छोटा पाठ ऐकू यायचा. कुठला रोग कसा ओळखायचा, चारा किती, लस कधी. शेळ्या चारता चारता ऐकायचा. संध्याकाळी चारजणी भेटल्या की त्यावर बोलायच्या. बँकेने शेळ्यांसाठी कर्ज दिलं, आणि त्यातच फोनही धरला. म्हणजे फोन बाईच्या नावावर आला. आम्हाला हे ऐकून फार बरं वाटलं. कारण इथे कोर्स आधी आणि बाई नंतर, असं झालं नाही. बाई कुठे असते, तिचे हात कधी मोकळे असतात, कान कधी मोकळे असतात, हे आधी बघितलं आणि मग पाठ बनवला.

तसं काही आपल्याकडे कुणी येऊन करेपर्यंत आम्ही आमच्यापुरती सोय केली आहे. दर गुरुवारी रात्री जेवणं झाल्यावर समाजमंदिरात बसतो. आठ-नऊ जणी असतो. एक फोन, एक छोटा स्पीकर. पाठ आधीच डाऊनलोड करून ठेवतो, कारण आमच्याकडे रात्री नेटवर्क रुसतं आणि लाइटचं तर बोलायलाच नको. दहा मिनिटांचा पाठ असतो, तो थांबवत थांबवत पाऊण तास चालतो. ज्यांना वाचता येतं त्या मोठ्याने वाचतात, ज्यांना येत नाही त्या ऐकतात आणि प्रश्न त्यांचेच जास्त असतात. एका जणीच्या सासूबाई सुरुवातीला सुनेवर लक्ष ठेवायला म्हणून यायच्या. आता त्या सगळ्यांच्या आधी येऊन सतरंजी टाकतात. सही करायला शिकल्या आहेत आणि गटाच्या रजिस्टरवर अंगठा द्यायला साफ नकार देतात.

परीक्षेच्या फीसाठी गटाच्या बचतीतून कर्ज देतो, शेळीला देतो तसंच. यावर आमच्यात वाद झाला होता. शेळी विकता येते, दहावी कशी विकणार, असं एकीने विचारलं. मुद्दा बरोबरच होता. शेवटी ठरलं की रक्कम छोटी ठेवायची, व्याज निम्मं, आणि परीक्षेच्या दिवशी त्या बाईचा बुडालेला रोज गटाने अर्धा भरून द्यायचा. एखादा गट याहून चांगलं ठरवू शकेल, आम्हाला कळवा.

मोफत म्हणून जे समोर येतं त्याबद्दलही थोडं बोलायला हवं. आमच्या एका मैत्रिणीने फोनवर शिवणकामाचा मोफत कोर्स पूर्ण केला. शेवटी सर्टिफिकेटसाठी पैसे मागितले, ते भरले, तर आणखी 'व्हेरिफिकेशन'चे मागितले, आणि मग ओटीपी. तिथे ती थांबली, म्हणून खातं वाचलं. लक्षात ठेवा, कुठल्याही खऱ्या कोर्सला तुमचा बँकेचा ओटीपी लागत नाही. परीक्षेची फी असू शकते. एनपीटीईएलचं शिकणं मोफत, पण परीक्षेला हजाराच्या घरात फी आणि परीक्षा शहरातल्या केंद्रावर. पण ती फी किती, हे पहिल्याच पानावर स्वच्छ लिहिलेलं असतं. शेवटी अचानक निघत नाही.

आणि मोफत हे कायम मोफत राहील असंही नाही. एमआयटी आणि हार्वर्ड या दोन विद्यापीठांनी मिळून नफ्याशिवाय चालवलेलं एडएक्स नावाचं मोठं व्यासपीठ २०२१ साली एका कंपनीला ८० कोटी डॉलरला विकलं गेलं. तीन वर्षांत, २०२४ मध्ये, त्या कंपनीलाच दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घ्यावा लागला. इतक्या मोठ्यांचं असं होतं. म्हणून आम्ही मोफत आणि मुक्त यांत फरक करतो. मोफत म्हणजे टँकर. आला तर पाणी, कधी यायचं ते त्याने ठरवायचं. मुक्त म्हणजे गावचा आड. ज्या साहित्यावर लिहिलेलं असतं की हे कुणीही उतरवून घ्यावं, छापावं, आपल्या भाषेत करावं, वाटावं, ते आडाच्या पाण्यासारखं आपलं असतं. एमआयटीने खुलं केलेलं साहित्य अशा परवानगीचं आहे. नफा करायचा नाही, त्यांचं नाव लिहायचं, आणि बदल करून वाटलं तर तेही त्याच परवानगीने वाटायचं, एवढ्याच अटी. आपल्याकडच्याही काही सरकारी साहित्यावर अशी परवानगी लिहिलेली सापडते. असं काही सापडलं तर ते उतरवून घ्या, छापून गटात ठेवा. रेडिओवर वाचून दाखवायलाही आपण मोकळ्या.

आपल्या परभणीत कृषी विद्यापीठ आहे, १९७२ पासूनचं. तिथल्या तज्ज्ञांनी सोयाबीनवर, कापसाच्या बोंडअळीवर, शेळ्यांवर बायांसाठी पाच-पाच मिनिटांचे बोललेले पाठ करावेत, थेनीसारखे, साध्या फोनवर ऐकता येतील असे, अशी आमची मागणी आहे. वावरात जास्त काम बाया करतात. शेतकरी म्हणून फोनवर येणारे मेसेज मात्र ज्याच्या नावावर सात-बारा त्याला जातात. या मागणीचा अर्ज आम्ही लिहून ठेवला आहे. त्यावर जितक्या गटांच्या सह्या होतील तितकं वजन येईल.

आमची ती मैत्रीण येत्या एप्रिल-मेमध्ये दोन विषय देणार आहे, मराठी आणि गृहविज्ञान. बाकीचे तीन पुढच्या खेपेला. तेव्हा सोयाबीन असेल, हे तिला माहीत आहे.

ज्यांना दहावी-बारावीची चौकशी करायची आहे त्यांनी येत्या गुरुवारी रात्री साडेआठला पेडगावच्या समाजमंदिरात यावं. शाळा सोडल्याचा दाखला असेल तर घेऊन या. सापडत नसेल तर शाळेचं नाव आणि शाळा सोडल्याचं साल आठवून या, दुसरी प्रत मिळवता येते. दाखल्यावर माहेरचं नाव असतं आणि आधारवर सासरचं, त्याचा घोळ बहुतेक सगळ्यांचा असतो, तेव्हा लग्नाचा दाखला असला तर तोही पिशवीत टाका. फोन असेल तर पूर्ण चार्ज करून आणा. नसेल तरी चालेल, एक आहे.